रस्त्यावरची कुत्री परदेशात दत्तक देताना

मुळाकाठची

माझ्याकडची कुत्री ठमी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला दत्तक जाणार, असं दुसऱ्या एका धाग्यात मी ओघात लिहिलं आणि व्यनिंचा (व्यक्तिगत निरोपांचा) ढीग जमला. कुणाला आपल्या गल्लीतलं कुत्रं पाठवायचं आहे, कुणाला यात पैशांचा चुराडा दिसतो, कुणाला नुसतं कुतूहल आहे. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं इथेच लिहिते. मी कुठल्या संस्थेची पदाधिकारी नाही. पुण्यात जखमी कुत्री बरी होईपर्यंत घरी सांभाळते आणि त्यातली काही मोजकी बाहेरच्या देशांत गेली आहेत.

माझं मत आधी सांगते. रस्त्यावर नीट जगू शकणारं कुत्रं परदेशी पाठवू नये. धडधाकट, नसबंदी झालेलं, लस टोचलेलं कुत्रं आपल्या हद्दीत सुखात असतं. टपरीवाला पाव घालतो, रात्रीच्या रखवालदाराला सोबत होते, कुठल्या गाडीखाली दुपार काढायची हे त्याला ठाऊक असतं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही हेच सांगतात: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. अशा कुत्र्याला चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात, कडाक्याच्या थंडीत नेऊन ठेवण्यात त्याचं काहीच भलं नाही.

मग पाठवायचं कुणाला? ज्यांना परत सोडता येत नाही आणि इथे घरही मिळत नाही, त्यांना. पाय कापलेली, कमरेपासून लुळी पडलेली, आंधळी. घरात वाढवून म्हातारपणी रस्त्यावर सोडलेली. आणि पार्व्हो किंवा डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांतून वाचून पिंजऱ्यातच मोठी झालेली पिल्लं, ज्यांना रस्ता कधी शिकायलाच मिळाला नाही.

ठमी यातल्या पहिल्या गटातली. बाणेरला गाडीखाली आली, मागचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. कुत्र्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय गेलेलं कुत्रं घरात, बागेत छान पळतं. पण रस्त्यावर मागे टोळी लागली किंवा टेम्पो अंगावर आला, तर जीव वाचवण्याइतकी चपळाई उरत नाही. पुण्यात, मुंबईत, नाशकात सगळीकडे विचारलं. येणाऱ्या फोनवरचे प्रश्न तेच: पिल्लू आहे का, नर आहे का, रंग कुठला. ठमी मोठी, मादी आणि काळीकुळकुळीत. त्यात तीन पायांची.

युट्रेख्टच्या ज्या बाई तिला नेणार आहेत त्यांच्याकडे आधीही तीन पायांचा कुत्रा होता. घर तळमजल्यावर, जमिनीला पाय घसरणार नाही अशी चटई सगळीकडे. व्हिडिओ कॉलवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उरलेल्या मागच्या पायाच्या गुडघ्याबद्दल. त्या प्रश्नावरून मला त्यांची खात्री पटली.

आता प्रक्रिया. आधी मायक्रोचिप आणि मगच रेबीजची लस. हा क्रम चुकला तर युरोप असो वा अमेरिका, ती लस धरली जात नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लस पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्यावर. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. रेबीजविरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मिलिलिटरमागे ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त हवीत. युरोपसाठी रक्त काढल्या तारखेपासून आणखी ३ महिने थांबायचं. म्हणजे जवळपास सात महिन्यांच्या आतलं पिल्लू भारतातून रीतसर युरोपात जाऊच शकत नाही. 'गोंडस पिल्लू लगेच पाठवतो' म्हणणारा माणूस भेटला तर तिथेच थांबा.

निघायच्या वेळी मुंबईला केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयात प्राणी आणि कागद दोन्ही दाखवून आरोग्याचा दाखला घ्यायचा. पेटी आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मापाची लागते, कुत्र्याला तिच्यात उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. गुंगीचं औषध द्यायचं नाही. गुंगीतल्या प्राण्याचा हवेत श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, विमान कंपन्या अशा प्राण्याला घेतही नाहीत. त्यामुळे पेटीची सवय हा मोठा अभ्यास असतो. ठमी आता जेवते पेटीत, झोपते पेटीत, आणि फटाक्यांच्या आवाजाला पळून लपतेही पेटीतच.

प्रवासाचा खर्च दत्तक घेणारे करतात. तो लाखाच्या पुढे जातो. इथले उपचार आम्ही आणि ओळखीपाळखीचे लोक मिळून भागवतो.

विचारा काय विचारायचं ते.

शेखर_डोंबिवली

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मला हे पटत नाही. माझ्या भाचीला शाळेतून येताना कुत्रं चावलं. सहा वर्षांची पोर, मांडीचा लचका तोडला. आजही ती एकटी खाली उतरत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात रस्त्यावरची कुत्री दीड कोटीच्या वर होती, एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाख. त्यातली चार-दोन विमानात बसवून काय साधणार? त्याच लाखात किती कुत्र्यांची नसबंदी होईल? आणि सरळ सगळी उचलून शहराबाहेर का ठेवत नाहीत?

पशुवैद्य_सातारा

शेखरजी, भाचीचे सगळे डोस पूर्ण झाले ना? मांडीचा लचका म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम. तिथे लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) जखमेत द्यावं लागतं. आणि हे सगळ्यांसाठी: चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. रेबीज एकदा झाला की औषध नाही, पण वेळेवर पावलं उचलली तर तो जवळजवळ शंभर टक्के टळतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. एका भागातली कुत्री उचलली की तिथला कचरा आणि खाणं तसंच राहतं, मग शेजारच्या भागातली, नसबंदी न झालेली कुत्री आत शिरतात. भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस आणि नसबंदी हा जगभर मानला जाणारा उंबरठा आहे, आणि तोही थोड्या काळात गाठला पाहिजे. वर्षाला दहा टक्के करत राहिलं तर जन्म पुढे आणि आपण मागे.

मुळाकाठची

शेखरदादा, भाचीचं वाचून वाईट वाटलं. तिची भीती खरी आहे आणि कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या माणसाने ती झटकून टाकली तर त्याचं कुणी ऐकूही नये.

परदेशी पाठवल्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्या कमी होते, असं मी म्हणत नाही. होत नाही. संख्येवर इलाज नसबंदी आणि कचरा हाच. पण युट्रेख्टच्या बाई जे पैसे खर्च करताहेत ते ठमीसाठी, त्यांच्या घरातल्या कुत्रीसाठी. त्यांनी ठमीला नेलं नाही तर ते पैसे पुणे महापालिकेच्या नसबंदी केंद्राला मिळणार नाहीत. उलट ठमीची जागा मोकळी झाली की माझ्याकडे पुढचं जखमी कुत्रं येतं. आणि मी माझ्याकडून प्रत्येक दत्तकाच्या वेळी घेणाऱ्यांना विचारते, की जिथून हे कुत्रं आलं त्या गल्लीतल्या बाकीच्यांच्या नसबंदीला हातभार लावाल का. बहुतेक जण लावतात. ठमीच्या गल्लीतली एकही मादी आता नसबंदीवाचून उरलेली नाही.

जुनी_मुंबई

'सगळी उचला' हा विचार मुंबईत फार जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा फोर्टात पारशांनी पुढाकार घेऊन मोठा दंगा केला. बाजार बंद पाडले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, अंत्यविधीतही कुत्र्याने मृतदेहाकडे बघावं लागतं. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश निवारणाची संस्था उभी राहिली आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आजही चालू आहे. मारण्याचे प्रयोग मात्र त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या चालले आणि कुत्री आहेत तिथेच आहेत.

डेल्फ्टकर

धागा बघून राहवलं नाही. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो आणि आमची शेवंता मूळची मिरजेची. तीन वर्षांपूर्वी आणली. दत्तक घेऊ पाहणाऱ्यांसाठी तिकडची बाजू लिहितो, कारण फोटोंत दिसतो तो फक्त बर्फात उड्या मारणारा कुत्रा.

पहिले दोन आठवडे शेवंता सोफ्यामागून बाहेर आली नाही. रात्री आम्ही झोपलो की जेवायची. इथली शांतता तिला असह्य व्हायची. मिरजेच्या स्टँडजवळ वाढलेली ती, तिला हॉर्न आणि माणसांची वर्दळ म्हणजे सगळं ठीक. बायकोने संध्याकाळी मराठी बातम्या मोठ्या आवाजात लावायला सुरुवात केली तेव्हा ती पहिल्यांदा दिवाणखान्याच्या मधोमध येऊन बसली.

मग सायकली. इथे सायकल म्हणजे पूर. भारतात मोटरसायकलमागे धावायची सवय, इथे तसं केलं तर म्हातारी माणसं पडतील. कित्येक महिने आम्ही पहाटे, रस्ता रिकामा असताना फिरवायचो आणि एक सायकल गेली की एक खाऊचा तुकडा, एवढाच धडा गिरवायचो. आता सायकल दिसली की ती वळून माझ्या खिशाकडे बघते.

सगळ्यात महत्त्वाचं पळून जाणं. आपली कुत्री अतिशय चपळ आणि घाबरली की सुसाट. नव्या देशात सुटलेलं कुत्रं हाकेला येत नाही, कारण तुमची हाक त्याच्या अजून ओळखीची नसते. विमानतळावर पेटी उघडायची नाही, कितीही जीव तुटला तरी. घरी, दार बंद करून, मगच. बाहेर जाताना पट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन लीश, एक कमरेला बांधलेली. किमान तीन महिने असंच. नावाचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून गळ्यात हवा.

आणि इथल्या पशुवैद्यांना आपल्याकडचे आजार फारसे बघायला मिळत नाहीत. भारतातली पूर्ण फाइल हाताशी ठेवा.

पशुवैद्य_सातारा

फाइलचा मुद्दा फार मोलाचा. त्यात थोडी भर घालतो.

रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक कुत्र्याने गोचिडं पाहिलेली असतात. त्यांच्यातून येणारा एर्लिचिया हा जंतू शरीरात दबा धरून राहतो; कुत्रं वरून ठणठणीत, आणि वर्षा-दोन वर्षांनी नाकातून रक्त येतं, प्लेटलेट्स तळाला जातात. तिकडचा डॉक्टर आधी दहा वेगळ्या गोष्टी शोधेल. म्हणून निघण्यापूर्वी एर्लिचिया, बेबेसिया, ॲनाप्लाझ्मा (हेही गोचिडांतूनच येतात) आणि हार्टवर्म या हृदयातल्या जंताची तपासणी, निकाल काहीही आला तरी फाइलमध्ये. जननेंद्रियांवरची संसर्गजन्य गाठ आपल्याकडे सर्रास दिसते. व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी ती बरी होते, पण कोर्स पूर्ण करूनच पाठवायचं. ब्रुसेला कॅनिस या जिवाणूची तपासणीही करा. २०२० पासून ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेल्या कुत्र्यांत याची प्रकरणं वाढली, माणसांनाही तो होऊ शकतो, आणि तिथले बरेच दवाखाने आता निकाल पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया करायला कचरतात.

कमरेपासून लुळ्या कुत्र्यांबद्दल एक. चाकांच्या गाडीवर धावणारं कुत्रं सगळ्यांना आवडतं, पण यातल्या बऱ्याच कुत्र्यांची लघवी दिवसातून तीन-चार वेळा हाताने पोट दाबून काढावी लागते. ती राहिली की मूत्रपिंडापर्यंत संसर्ग. शिवाय जमिनीला घासून होणाऱ्या जखमा. घेणाऱ्याने हे आयुष्यभर करायचं आहे, हे त्याला व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष करून दाखवा आणि मगच होकार घ्या.

न्यूजर्सीची_स्नेहा

नमस्कार. माझी आई ठाण्यात एकटी राहते, आता कायमची माझ्याकडे येणार आहे. तिच्या इमारतीत राजा नावाचा कुत्रा आहे, नऊ वर्षांचा. रात्री तिच्या दाराबाहेरच्या पायपुसण्यावर झोपतो. बाबा गेले तेव्हा पाच दिवस तो जेवला नव्हता. आईचं म्हणणं एकच, राजाला घेतल्याशिवाय येणार नाही. अमेरिकेचे नियम वाचून डोकं गरगरतंय. कुणी सांगेल का?

हडसनपार

स्नेहा, १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत. अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था, सीडीसी, भारताला रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत धरते. कुत्रं किमान ६ महिन्यांचं हवं, मायक्रोचिप हवी, लसीचा आणि चिपचा सीडीसीचा ठरलेला दाखला सरकारी पशुवैद्याच्या सहीशिक्क्यासह हवा. सीडीसीने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा प्रतिपिंडांचा अहवाल हवा. पहिल्या लसीनंतर ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि ते काढल्यावर किमान २८ दिवस थांबायचं. अहवाल नसेल तर इकडे पोचल्यावर २८ दिवस स्वखर्चाने विलगीकरण. उतरायचं ते सीडीसीकडे नोंदलेलं प्राणी केंद्र असलेल्या विमानतळावरच, आणि तिथलं आरक्षण आधीच हवं. तुला न्यूयॉर्कचं जेएफके सोयीचं.

हे स्वतःच्या कुत्र्यासाठी. दत्तक देण्यासाठी आणायचं असेल तर त्यावर कृषी खात्याचा वेगळा परवानाही लागतो.

मुळाकाठची

स्नेहा, नियमांचं हडसनपार यांनी नेमकं सांगितलं. मी तुला वेगळं विचारते. राजाला आईंशिवाय आणखी कोण कोण ओळखतं? तो कधी घरात, दार बंद असताना राहिलाय का? लीश बांधून फिरलाय का? इमारतीत आणखी कुत्री आहेत का, ज्यांच्याबरोबर तो असतो?

न्यूजर्सीची_स्नेहा

घरात येतो, पण दार लावलं की ओरडतो. लीश कधीच नाही. रखवालदार त्याला रोज सकाळी दूध देतो. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू जेवण देतात. खालच्या गॅरेजजवळ एक भुरी आहे, तिच्याबरोबर दिवसभर असतो.

मुळाकाठची

मग माझं प्रामाणिक मत सांगते, राग मानू नकोस. राजाला नेऊ नका. त्याच्याकडे आईंखेरीज तीन माणसं, एक सोबतीण आणि सगळी हद्द आहे. नवव्या वर्षी हे सगळं सोडवून, विमानाच्या पोटातल्या पेटीत इतक्या तासांचा प्रवास करवून त्याला न्यू जर्सीच्या हिवाळ्यात आणायचं, तेही केवळ एका माणसाच्या सोबतीसाठी. आईंना तो हवा आहे, हे मला कळतं. पण राजाला काय हवंय हा प्रश्न वेगळा आहे. त्याच्यासाठी इथली व्यवस्था लावता आली तर ती करा: वर्षाची लस, म्हातारपणची रक्ततपासणी, आजारी पडला तर कुणी दवाखान्यात न्यायचं हे लेखी ठरलेलं, आणि पैशांची सोय. सोसायटीशीही आत्ताच बोला. खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी सोसायटीवर टाकली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानंतर ठरलेल्या जागीच खाऊ घालणं आवश्यक झालंय. आई गेल्यावर कुणी तक्रार केली तर कागद हाताशी हवेत.

अस्सगावकर

गोव्याचं थोडं सांगतो. आमच्याकडे परदेशी पाहुणे हंगामभर किनाऱ्यावर राहतात, एखाद्या कुत्र्याला सवय लावतात, जेवू घालतात, खोलीत झोपवतात. मग परत जातात. जूनला शॅक बंद, पाऊस सुरू, आणि ते कुत्रं दारं हुंगत फिरतं. जे खरोखर जीव लावतात ते न्यायची धडपड करतात, आणि चिप-लस-रक्त या साखळीला लागणारे महिने त्यांच्या व्हिसात बसत नाहीत. मग इथल्या एखाद्या घरात कुत्रं ठेवून ते परत जातात आणि कागद झाले की न्यायला येतात. मी अशी कुत्री सांभाळली आहेत. आलेले आले, पण न आलेलेही आहेत. म्हणून आता ठेवून घेतानाच सांगतो, परतीची तारीख ठरवा आणि दर आठवड्याला फोन करा.

आणखी एक. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षं गावोगाव जाळी घेऊन कुत्री पकडून लसीकरण केलं, २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. देशात पहिल्यांदा असं झालं. पण बाहेरच्या देशांच्या यादीत 'भारत' एकच. गोव्यातल्या कुत्र्याला काहीही सूट नाही. माझ्या मते यावर केंद्र सरकारने बोलणी करायला हवीत.

मिसिसॉगाची_वृंदा

कॅनडाकडे कुणी डोळे लावून बसलं असेल तर सांगते, दत्तक देण्यासाठी भारतातून कुत्री आणणं इथे २८ सप्टेंबर २०२२ पासून बंद आहे. रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांतून 'व्यावसायिक' कुत्री येऊ द्यायची नाहीत असा नियम, आणि व्यावसायिकमध्ये दत्तकासाठी आणलेली, तात्पुरत्या सांभाळासाठी आणलेलीही धरली आहेत. त्याआधी माझ्याच ओळखीच्या तीन घरांत दिल्लीची कुत्री आली होती. नियम आला त्या आठवड्यात इथल्या कितीतरी घरांनी तयार करून ठेवलेले कोपरे तसेच राहिले. मला फार अन्याय्य वाटलं होतं.

पशुवैद्य_सातारा

वाईट वाटणं समजू शकतो, पण यामागचं कारणही लक्षात घ्या. इराणहून ओंटारिओत आणलेल्या कुत्र्यांपैकी एकाला २०२१ मध्ये आणि दुसऱ्याला २०२२ च्या जानेवारीत रेबीज निघाला. त्याच्या आगेमागे, २०२१ च्या जूनमध्ये, अझरबैजानहून अमेरिकेत आणलेल्या वाचवलेल्या प्राण्यांच्या खेपेत एका कुत्र्याला रेबीज निघाला. त्याच्या कागदांवर लस दिलेली होती. त्यानंतर कितीतरी माणसांना लसी घ्याव्या लागल्या.

युरोपची तीन महिन्यांची थांबणी यासाठीच आहे. लसीआधीच विषाणू शिरला असेल तर लस काही करू शकत नाही, आणि रेबीज आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत लपून राहतो. त्या काळात कुत्रं नजरेखाली राहिलं पाहिजे. खोटा दाखला देणारा एक डॉक्टर पुढच्या शेकडो कुत्र्यांची दारं बंद करतो. माझ्याकडे 'तारीख थोडी मागची टाका' म्हणून लोक येतात. मी त्यांना परत पाठवतो.

केळकर_ठाणे

यात फसवणूकही बरीच चालते का? मला एका खात्यावरून वारंवार मेसेज येतात, 'लंडनला घर मिळालंय, फक्त तिकिटाचे पैसे कमी पडताहेत'. कुत्रा दर वेळी तोच.

मुळाकाठची

चालते. पैसे देण्यापूर्वी मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक मागा आणि तो कुत्र्यावर स्कॅनरने वाचतानाचा व्हिडिओ मागा. कुठल्या दवाखान्यात उपचार झाले ते विचारा आणि तिथे स्वतः फोन करा. लंडन म्हणत असतील तर आणखी सोपं: ब्रिटनला विमानाने जाणारं कुत्रं मालवाहू सामान म्हणूनच जातं, त्यामुळे 'एका प्रवाशाबरोबर पाठवतोय' असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. लोक त्यासाठी ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसला उतरून पुढे गाडीने, बोटीने जातात. आणि संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, तीही विचारा. खरं काम करणारा माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही.

अनघा_नाशिक

वाराणसीच्या जयाची बातमी वाचली होती. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका पर्यटक बाईंनी नेलेली. आणि तो भिक्खूंबरोबर अमेरिकेत चालत गेलेला अलोका! तोही मूळचा आपल्याकडच्या रस्त्यावरचाच. अशा बातम्यांमुळे लोकांचं देशी कुत्र्यांकडे बघणं बदलतं, असं मला वाटतं. आमच्या शेजाऱ्यांनी लॅब्राडोर विकत घ्यायचा बेत बदलून गल्लीतलंच पिल्लू घरी आणलं.

मुळाकाठची

अनघा, शेजाऱ्यांचं वाचून फार बरं वाटलं. मला सगळ्यात मोठा आनंद याच दत्तकांचा होतो. हडपसरच्या घरात गेलेल्या कुत्र्याला मी रविवारी जाऊन बघू शकते, अडचण आली तर परत आणू शकते. परदेशातल्या घरातून कुत्रं परत आणणं जवळपास अशक्य, म्हणून तिथली प्रत्येक घरभेट आधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष करून घेते, आणि 'न जमल्यास कुत्रं कुणाकडे जाईल' त्या माणसाचं नाव करारात लिहून घेते. जयाच्या बाबतीतली एक गोष्ट विसरू नका: त्या बाईंना कागद पूर्ण व्हायला काही महिने भारतात थांबावं लागलं होतं. बातमीत ते एका ओळीत येतं.

प्रसाद_चिंचवड

मी पुढच्या महिन्यात कामासाठी फ्रँकफर्टला चाललोय. माझ्या तिकिटावर एखादं कुत्रं न्यायला तयार आहे. तिथे विमानतळावर दत्तक घेणारे येतील ना?

मुळाकाठची

प्रसाद, मनापासून आभार. पण यातला खाचखळगा सांगते. बरेच लोक कुत्र्याला प्रवाशाचा स्वतःचा पाळीव प्राणी दाखवून पाठवतात आणि पलीकडे हवाली करतात. युरोपचे नियम पाळीव प्राण्याबरोबर जायची सवलत देतात ती मालकी बदलायची नसेल तेव्हाच. मालक स्वतः किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस, आणि मालकाचा प्रवास कुत्र्याच्या प्रवासाच्या आगेमागे ५ दिवसांत. तुम्ही अनोळखी घरासाठी कुत्रं 'माझं' म्हणून नेलंत तर अडचणीत तुम्ही याल, आणि कुत्रं विमानतळावर अडकेल किंवा परत येईल. म्हणून ठमीच्या बाई आधी पुण्याला येऊन राहून गेल्या, करार झाला, चिप त्यांच्या नावावर नोंदवली, आणि न्यायलाही त्याच येताहेत. असं करायला वेळ लागतो, घेणाऱ्यांची संख्या कमी होते. होऊ दे.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर फ्रँकफर्टजवळच्या एका घराची भेट बाकी आहे. अर्धा दिवस काढू शकलात तर कुंपणाची उंची, जिना, शेजार, घरातली माणसं बघून मला फोटो पाठवा. ते काम कुत्रं नेण्याइतकंच मोठं आहे.

प्रसाद_चिंचवड

नक्की. व्यनि केलाय.

शेखर_डोंबिवली

पूर्ण धागा वाचला. माझं मुख्य मत तेच आहे, सरकारने आधी नसबंदी आणि कचरा बघावा. पण ठमीच्या गल्लीतल्या सगळ्या माद्यांची नसबंदी झाली हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या गल्लीत ते करायचं तर सुरुवात कुठून करू?

पशुवैद्य_सातारा

शेखरजी, महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात लेखी अर्ज, सोबत कुत्र्यांचे फोटो आणि प्रत्येकाची बसायची जागा. माद्या आधी. पकडणारे येतील तेव्हा रोज खाऊ घालणारा माणूस तिथे हजर हवा, म्हणजे कुत्री पळत नाहीत. परत सोडताना कानावरची नसबंदीची खूण आणि जागा तपासून घ्या. अर्जाचा मसुदा व्यनितून पाठवतो.

न्यूजर्सीची_स्नेहा

आईशी खूप बोलणं झालं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग तिनेच कुलकर्णीकाकूंना जेवायला बोलावलं. राजाची लस, तपासणी, दवाखाना यांचा खर्च मी पाठवेन, काकू बघतील, आणि रखवालदारालाही यात धरलंय. भुरीची नसबंदी झालेली नव्हती, ती याच महिन्यात होतेय. आई मार्चमध्ये येतेय.

मुळाकाठची

स्नेहा, आईंना माझा नमस्कार सांग. काकूंना राजाचा एक आताचा फोटो आणि लसीचा कागद आपल्याकडे ठेवायला सांग, तो कधी हरवला तर उपयोगी पडतो.

सगळ्यांसाठी एक विनंती. परदेशातलं घर मिळणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. त्याआधीचे पाच-सहा महिने कुत्र्याला इथे कुणाच्या तरी घरात राहावं लागतं: लीश, पेटी, जिना, लिफ्ट, माणसांचा स्पर्श हे सगळं शिकायला. अशी तात्पुरती घरं पुण्यात फार कमी आहेत. सध्या दोन कुत्री दवाखान्याच्या पिंजऱ्यात थांबली आहेत. एक आंधळी, साधारण चार वर्षांची, अतिशय शांत. दुसरा पुढचा पाय काढलेला नर, त्याला तळमजलाच हवा. खाणं आणि औषधपाणी आमच्याकडून. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्या लसी पूर्ण हव्यात आणि दिवसा कुणीतरी घरी हवं. भाड्याचं घर असेल तर आधी मालकाची परवानगी घ्या. पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या कुणाला जमणार असेल तर व्यनि करा, शनिवारी दुपारी कुत्री दाखवायला मी स्वतः येईन.